चार वाजता लग्नं लावणाऱ्या बाई

चार वाजले की आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई उठत. सभा चालू असो, मुख्याध्यापिका बोलत असोत, चहा नुकताच कपात ओतलेला असो. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल नीट करायची, खांद्यावरची टाचणी चाचपायची आणि म्हणायचं, "चार वाजले. माझी लग्नं हायत." पुढच्या मिनिटाला त्यांच्या कोल्हापुरी वहाणांचा आवाज जिन्यावर असे.

मी त्या शाळेत नवी होते. साताऱ्यातली मुलींची शाळा, दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं. माझ्याकडे भूगोल, वेळापत्रक आणि कपाटांच्या किल्ल्या होत्या. पहिल्या सभेनंतर मी शेजारच्या बाईंना विचारलं, "यांच्या घरात रोज लग्न असतं?" त्या म्हणाल्या, "मागं पाण्याच्या टाकीजवळ जा आणि बघून ये."

टाकीमागे जमिनीचा एक लांबट पट्टा होता आणि त्यात नुसती गुलबक्षी होती. साडीच्या दुकानात गुलबक्षी म्हटलं की एकच रंग पुढे टाकतात. इथे लालबुंद होती, पांढरी होती, गुलाबी होती, आणि एका फुटक्या डब्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचीही होती. बाई एका लाल झाडापुढे उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी न उमललेली कळी टाचणीने हलकेच उघडली, आतले परागाचे तुरे चिमटून काढले आणि कळीवर कागदाची टोपी चढवली.

"हे काय करताय?"

"नवरीच्या घरातली आगाऊ पोरं बाहेर काढतेय. न्हाईतर घरच्या घरीच लग्न लागतंय. नवरदेव पलीकडनं यायचाय, पांढऱ्या वाफ्यातनं. पाच वाजता उमलेल. तवर टोपी." माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "दोरा दे, खुणेला बांधायचा. हिरवा न्हाई, पिवळा."

मी पिवळा दोरा दिला. त्या दिवसापासून माझ्या रोजच्या कामांत चार ते साडेपाच हा एक रकाना वाढला.

बाई आटपाडीच्या. सांगलीच्या कॉलेजात शिकलेल्या, शास्त्राची पदवी घेतलेल्या. फळ्यापुढे उभ्या राहिल्या की पुस्तकी मराठी बोलत आणि फळ्याकडे पाठ झाली की आटपाडीची. एकदा नव्या तपासणी अधिकाऱ्यांनी त्यांना सुचवलं की शिक्षिकेने सदैव शुद्ध बोलावं. बाई म्हणाल्या, "साहेब, माझी झाडं आटपाडीचं ऐकून वाढत्यात. तुमी तपासा, एक तरी अशुद्ध उमललंय का."

आटपाडीची आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरलेली होती. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. मुलींनी डबे नळाखाली धुवायचे नाहीत, पट्ट्यातल्या झाडावर धुवायचे. कोणत्या वर्गाने कोणत्या ओळीत, हेही ठरलेलं. साताऱ्यात पाऊस धो धो पडत असतानाही त्या हात धुतलेलं पाणी तांब्यात धरत. मी म्हटलं, "बाई, बाहेर पूर आलाय." तर म्हणाल्या, "आज आलाय. उद्याचं त्याला इचार."

याच सवयीतून खापरं आली. कुंभारवाड्यातून फुटक्या मडक्यांचे तुकडे त्या पोत्याने आणत. प्रत्येक झाडाच्या खड्ड्यात, मुळाच्या पोटाशी, एक खापर दाबून बसवायचं. त्यामुळे ओल टिकते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. खापराशिवाय बाईंनी एकही झाड लावलं नाही आणि कुणाला लावू दिलं नाही. शिक्षक-खोलीत त्यांना पाठीमागे 'खापरबाई' म्हणत. हे त्यांना माहीत होतं. त्या तिथल्या जुन्या माठाकडे बोट दाखवून विचारत, "हा कवा फुटणार? मला चार खड्डे भरायचेत."

शिकवायला त्यांना लागायचे फक्त दोन खडू, एक लाल आणि एक पांढरा. दोन मुली पुढे बोलवायच्या. एक लाल झाड, तिच्या दोन्ही मुठींत लाल खडूचे तुकडे. दुसरी पांढरं झाड, तिच्या दोन्ही मुठींत पांढरे. "प्रत्येक झाडाच्या हातात दोन. लेकराला द्यायचा मात्र एकच. आईनं एक दिला, बापानं एक. लेकराच्या हातात काय आलं?"

"एक लाल, एक पांढरा!"

"मग फूल कसलं?"

"गुलाबी!"

"आता गुलाबीचं बी पेरलं तर?"

इथे वर्ग हमखास फसे. "गुलाबी!" अशी आरोळी उठे. बाई त्याच क्षणाची वाट बघत असायच्या. मग दोन गुलाबी मुली पुढे येत, प्रत्येकीच्या एका मुठीत लाल, एकीत पांढरा. डोळे मिटून एकेक तुकडा काढायचा. कधी लाल-लाल, कधी पांढरा-पांढरा, पुष्कळदा मिसळ. "चारातलं एक लाल, एक पांढरं, दोन गुलाबी. अगदी मोजून तसंच निघंल असं न्हाई, पण ढीगभर पेरा, तिथंच येऊन थांबतंय. लक्षात ठेवा पोरींनो, समदं गुलाबी पायजे आसंल तर गुलाबीचं बी पेरू नका."

एका मुलीने विचारलं, "आणि बाई, पिवळं आणलं तर?"

"पिवळ्याचं नाव काढू नको. त्यानं माझं डोकं फिरतंय."

फुटक्या डब्यातल्या पट्टेवाल्या झाडाचंही तसंच होतं. ते बी त्यांनी सांगलीहून, कृष्णेच्या घाटावरून आणलेलं. त्याच्या एकाच फांदीवर एक फूल निम्मं लाल, दुसरं ठिपक्यांचं, तिसरं साफ पांढरं. बाई रोज घरी जाताना त्या डब्यापुढे थांबत आणि कंबरेवर हात ठेवून बघत. मी म्हटलं, "हे नियम मोडतं का?" त्या म्हणाल्या, "ह्याला बी नियम असणार. मला अजून कळलेला न्हाई, एवढंच." न कळलेल्या गोष्टीचा त्यांना राग येत नसे. तिला त्या रोज पाणी घालत.

हे ज्ञान त्यांनी शाळेपुरतं ठेवलं नाही. आमच्या शिपाईमामांना मुलगा झाला तो घाऱ्या डोळ्यांचा. मामा काळ्या डोळ्यांचे, त्यांची बायकोही. मामांच्या आईने सुनेला दिवसरात्र टोचायला सुरुवात केली. बाळंतीण माहेरी जाऊन बसली. मामा घंटा द्यायला विसरू लागले, तेव्हा बाईंनी कारण काढून घेतलं आणि बाळाच्या त्या आजींना संध्याकाळी पट्ट्यात बोलावलं.

"आजी, ह्या ओळीची आई गुलाबी, बाप बी गुलाबी. बघा, लेकरं कशी निघाल्यात."

आजींनी डोळे बारीक करून पाहिलं. "ही दोन पांढरी हायत की."

"मग ती कुणाची? आई त्यांची पलीकडच्या वाफ्यात जाऊन आली म्हणताय?"

"आवं, झाड कुठं चालतंय व्हय!" आजी तोंडाला पदर लावून हसल्या.

"मग पांढरा आला कुठनं? आई-बापाच्या पोटात लपून बसला हुता. गुलाबीत निदान फिक्कट दिसतो. डोळ्याचा रंग लपला की अजिबात दिसत न्हाई, एवढाच फरक. आता आठवा. तुमच्या घरात कोण घारं हुतं?"

आजी बोटांवर पिढ्या मोजू लागल्या. मग म्हणाल्या, "मालकाची आज्जी घारी हुती म्हणत्यात. मांजरी म्हणायचे तिला."

"आणि सुनेकडं?"

"तिचा मामा..." आजी बोलता बोलता थांबल्या. पदर नीट केला. "उद्याच्याला पहिल्या गाडीनं आणते पोरीला."

"आणा. आणि तिच्या पाया पडू नका, तिला गोडधोड घाला."

दुसऱ्या दिवशी सगळ्या घंटा वेळेवर झाल्या.

आता त्या वर्षाकडे येते.

शाळेला नवं सभागृह बांधून होत आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले, कोरेगावकडे त्यांचा ऊस. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचो. भाद्रपदात उद्घाटन करायचं ठरलं आणि ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, "फाटकापासून सभागृहापर्यंत दोन्ही बाजूंनी फुलांची रांग पाहिजे. एकच रंग, गुलाबी. छावणीत साहेबाच्या बंगल्यापुढं बघितलंय मी. एकदम शिस्तीत."

संस्थेचे चिटणीस वकिली करत. त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच होतं. "फुलांचा विषय निघालाच आहे तर," ते म्हणाले, "टाकीमागचा पट्टा आता मोकळा करावा. मुली सायकली कुठेही लावतात. तिथे सायकल स्टँड झाला पाहिजे. विज्ञान पुस्तकातूनही शिकवता येतं."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. चार वाजायला अजून अवकाश होता, म्हणून मी चमकले.

"गुलाबी रांग मी देते," त्या म्हणाल्या. "पहिल्या झाडापासनं शेवटच्यापर्यंत गुलाबी. पण पट्टा ऱ्हाणार."

"आणि एखादं झाड दुसऱ्या रंगाचं निघालं तर?" चिटणीसांनी चष्मा काढला.

"एक जरी निघालं तर पट्टा तुमचा. मी सोता झाडं उपटून देते."

मी टेबलाखालून त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. चिटणीसांनी अट तिथल्या तिथे नोंदवायला लावली.

त्या पट्ट्यात काय होतं हे मला माहीत होतं. एका फुलाला एकच बी धरतं, मिऱ्यासारखं काळं. त्यांच्या बिस्किटाच्या डब्यातल्या प्रत्येक बीमागे एक कळी, एक टोपी, एक दोरा होता. आदल्या वर्षीच्या सगळ्या संध्याकाळी बाई आणि नववीच्या मुली तेच करत होत्या. आई-बाप झालेली लाल आणि पांढरी झाडंही त्यांनी तीन पिढ्या पारखलेली. "लग्न जमवताना सोयरे करत न्हाईत एवढी चौकशी केलीय मी," त्या म्हणत. पट्टा गेला असता तर सायकलींना सावली मिळाली असती, पण पुढच्या मुलींच्या मुठीत नुसते खडू राहिले असते.

पेरणीच्या दिवशी कॅप्टनसाहेब पाहणीला आले. त्यांनी डब्यातलं बी हातात घेतलं.

"हे गुलाबी झाडाचं ना?"

"लाल झाडाचं."

"लाल? बाई, मला गुलाबी पाहिजे."

"बाप पांढरा हाय त्याचा."

"अहो, बी ज्या झाडावर धरलं त्याचंच झाड येणार. माझ्या मळ्यात एक गुलाबी गुलबक्षी आहे, फस्क्लास. तिचं बी देतो पोतंभर."

"साहेब, ते बी तुमच्या मळ्यातच ऱ्हाऊ द्या. इथं आलं तर घात हुईल."

साहेबांनी मान डोलावली, पण त्यांना पटलेलं नव्हतं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंचं हसं होणार. चांगली बाई आहे हो."

मग वेळेवरून जुंपली. साहेबांना उद्घाटन सकाळी आठला हवं होतं.

"सकाळी फुलं मिटलेली असत्यात," बाई म्हणाल्या.

"सगळी?"

"समदी. संध्याकाळी पाचला उमलत्यात."

"आठपर्यंत उघडी ठेवता येत नाहीत?"

"साहेब, तुमच्या बिगुलावर पलटण उठती. गुलबक्षी न्हाई उठत."

कार्यक्रम संध्याकाळी पाचला ठरला. मी सगळी कामं वाटून दिली: मांडव, खुर्च्या, चहा, स्वागतगीत. बाईंना फाटकावर पाहुण्यांच्या स्वागताला ठेवलं.

पावसाने त्या वर्षी चांगली साथ दिली. काही खड्डे रिकामे गेले. बाईंनी मुलींना डब्यातलं उरलेलं बी घेऊन हे खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला सांगितलं आणि त्यांनी ते भरले. श्रावणात पहिली फुलं आली. गुलाबी. दुसऱ्या दिवशी आणखी, तीही गुलाबी. चिटणीस रोज संध्याकाळी फिरायला म्हणून येत आणि रांग बघून परत जात. सभागृहाच्या पायरीजवळची चार-पाच झाडं तेवढी मागे पडली होती. खाडे भरताना मागाहून लावलेलीच असणार, असं बाईंनी आणि मीही धरलं.

उद्घाटनाच्या दिवशी त्या फाटकावर होत्या. चार वाजले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. पाय आपोआप वळत होते, पण पाहुणे येत होते आणि हातात गुलाबपाणी होतं. बाईंनी चारची वेळ चुकवलेली मी पाहिली ती तेवढ्या एकाच दिवशी.

पाचच्या सुमारास रांग उमलू लागली. फाटकापासून पायरीपर्यंत एकसारखी गुलाबी, आणि त्या वासाने सगळी वाट भरून गेली. पाहुणे थांबून थांबून बघत होते. कॅप्टनसाहेबांची छाती फुगली होती. आणि तेवढ्यात पायरीपाशी चिटणीस थांबले.

"बाई, जरा इकडे या."

मागे पडलेल्या झाडांना त्या दिवशी पहिलं फूल आलं होतं. एकावर लाल आणि शेजारच्यावर पांढरंशुभ्र.

बाई चालत आल्या आणि त्यांनी दोन्ही फुलं पाहिली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "असं हुईल कसं?"

"अट लेखी आहे," चिटणीस म्हणाले. "उद्या पट्टा मोकळा करू. पाहुण्यांपुढे आता विषय नको."

बाई झाडाचं बूड निरखू लागल्या आणि मग ठेवणीतल्या साडीचा काठ खोचून चिखलात गुडघ्यांवर बसल्या. पांढऱ्या झाडाच्या बुडाशी त्यांनी बोटं घातली आणि माती उकरली. मग लाल झाडाखालची उकरली.

"खापर न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझ्या प्रत्येक झाडाच्या पोटाशी खापर हाय. माझ्या पोरींनी भरलेल्या खाड्यात बी खापर हाय. कुठलंबी उकरा."

मुलींनी वाट बघितली नाही. नववीच्या चौघीजणी स्वागतगीताच्या पांढऱ्या साड्यांसकट खाली बसल्या आणि शेजारची झाडं उकरू लागल्या. "आहे! बाई, इथे आहे! इथेपण आहे!" गुलाबी झाडाखाली खापर, पुढच्याखाली खापर, पलीकडच्या ओळीत खापर. फक्त पायरीजवळच्या पाच झाडांखाली काही नव्हतं.

"कुणीतरी मुद्दाम लावली," मी म्हटलं, आणि सगळ्यांच्या नजरा चिटणीसांकडे गेल्या. ते लाल झाले. "मी? मला यातलं बी पेरता तरी येतं का?"

तेव्हा कॅप्टनसाहेबांनी घसा खाकरला.

"ती माझी आहेत."

साहेब ताठ उभे होते, हुकूम घेताना उभं राहावं तसे.

"आषाढात एका सकाळी आलो होतो. इथले खड्डे रिकामे दिसले. वाटलं, लाल झाडाचं बी पेरलंय, सगळं लालच येणार. निदान स्टेजपुढं पाहुण्यांना गुलाबी दिसावं. बाईंची अब्रू राहावी. मळ्यातल्या गुलाबीचं बी खिशात होतं. निवडून, एकाच झाडाचं. रिकाम्या खड्ड्यांशेजारी काठीनं नवी भोकं पाडली आणि पेरलं. मग हे लाल-पांढरं कसं आलं?"

बाईंनी बाकीची तीन झाडं पाहिली. तिन्ही गुलाबी. त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं आणि आधी कुजबुज, मग हसणं असं ते मुलींच्या रांगेत पसरत गेलं. त्या चिखलाच्या हातांनी उठल्या.

"पोरींनो, गुलाबीचं बी पेरलं तर काय हुतं?"

सबंध शाळा ओरडली, "चारातलं एक लाल, एक पांढरं, दोन गुलाबी!"

"ऐकलंत साहेब? हे तुमाला शिकवायला मला वर्ष लागलं असतं. तुमी सोताच प्रयोग करून दावलात."

कॅप्टनसाहेब आधी गोंधळले. मग इतके मोठ्याने हसले की मांडवातले पाहुणे उठून बघायला आले. मुख्य पाहुण्यांना मुलींनी खडूशिवाय, नुसत्या मुठी पुढे करून सगळं समजावलं. उद्घाटनाची फीत कापायला उशीर झाला आणि त्याची कुणालाच घाई नव्हती.

चिटणीसांनी एकदा शेवटचा प्रयत्न केला. "पण अटीत शब्द आहेत, 'एक जरी झाड'..."

"बाईंचं झाड," साहेब म्हणाले. "ही माझी. सायकल स्टँड फाटकाजवळ होईल. पट्टा राहणार. लिहून घ्या."

ते मी लिहून घेतलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ इतिवृत्तं लिहिली, पण इतक्या आनंदाने दुसरं एकही लिहिलं नाही.

मी लाल आणि पांढरं झाड उपटायला वाकले, रांग साफ दिसावी म्हणून. बाईंनी माझा हात धरला. "अगं, ह्यांना हात लावू नको. लाल म्हंजे दोन्ही मुठींत लाल, पांढरं म्हंजे दोन्ही मुठींत पांढरं. खात्रीची हायत. साहेबांच्या मळ्यातली, घराणं बी चांगलं. ह्यांनाच पुढच्या वर्षी आई-बाप करू." आणि कमरेच्या पिशवीतून दोन खापरं काढून त्यांनी कॅप्टनसाहेबांपुढे धरली. "बसवा. तुमची झाडं, तुमीच बसवा."

साहेब परीटघडीच्या विजारीसह खाली बसले.

नंतर माझी बदली आमच्याच संस्थेच्या सांगलीच्या शाळेत झाली. मी आता त्या वेळच्या बाईंपेक्षा वयाने मोठी आहे. माझ्याही फाटकापासून दारापर्यंत गुलबक्षीची एकरंगी रांग असते आणि शेजारी दरवर्षी तिचं गुलाबी बी मागतात. मी त्यांना लालचं देते, बाप पांढरा असलेलं. ते नाराज होऊन घेतात आणि भाद्रपदात पेढे घेऊन येतात.

पण सातारा सोडण्याआधीची एक सभा सांगायलाच हवी. पुढच्या वर्षीची, नव्या सभागृहातली. चिटणीस जमाखर्च वाचत होते आणि निम्म्यावर आले होते. घड्याळात ठोके पडले. बाई पेन्सिल नीट करून उठल्या. चिटणीस वाचायचे थांबले, कारण अध्यक्षांच्या खुर्चीचाही आवाज झाला होता. कॅप्टनसाहेब उभे होते. सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

"चार वाजले," ते म्हणाले. "आमची लग्नं आहेत."